भगीरथाचं पुढे काय झालं?

दरवर्षी ३१ डिसेंबर जवळ आला की मराठी बातम्यांमध्ये एक शब्द हमखास उगवतो: तळीराम. तळीरामांवर पोलिसांची नजर, तळीरामांची वरात, तळीरामांकडून इतका इतका दंड वसूल. हा शब्द कुठून आला हे माहीत नसलं तरी अर्थ सगळ्यांना कळतो. दारुडा म्हणायचं, पण जरा गंमतीनं, तेव्हा तळीराम म्हणायचं.

तळीराम हे एका नाटकातल्या पात्राचं नाव आहे. राम गणेश गडकरींचं 'एकच प्याला'. गडकरी २३ जानेवारी १९१९ला वारले, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. त्यानंतर महिन्याभरातच, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्यात या नाटकाचा पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधू झाले होते. दारूच्या एका प्याल्यानं एका हुशार वकिलाचं, त्याच्या बायकोचं आणि मुलाचं आयुष्य कसं संपतं, ही त्याची गोष्ट. गेली शंभर वर्षं ती मराठी माणसाला पाठ आहे.

पण या नाटकात आणखी एक दारू पिणारा आहे, त्याचं नाव भगीरथ. प्रेमभंगाच्या दुःखात तो पिऊ लागतो आणि तळीरामाच्या 'आर्यमदिरामंडळा'त येऊन बसतो. तिथून सुधाकरचा मित्र रामलाल त्याला बाहेर काढतो. भगीरथ दारू सोडतो, कामाला लागतो, आणि नाटक संपेपर्यंत त्याचं आयुष्य मार्गी लागलेलं असतं. सगळं उद्ध्वस्त होत असलेल्या त्या नाटकात दारूपासून परत आलेला हा एकटा माणूस.

तो कुणाला आठवतो? तळीरामाचं नाव सामान्यनाम झालं, शब्दकोशात आणि पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये जाऊन बसलं. दारू सोडलेल्या माणसासाठी मात्र आपण 'भगीरथ' म्हणत नाही. 'भगीरथ प्रयत्न' म्हणतो, पण तो गंगा आणणारा पुराणातला. गडकरींचा भगीरथ नाटकाच्या पानांतच राहिला.

ही एका नाटकाची विसरलेली बाजू वाटेल. पण व्यसन आणि माध्यमं यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, की पुन्हा पुन्हा हेच दिसतं. पडलेला माणूस आपल्याला दाखवला जातो, आपण तो लक्षात ठेवतो. उठलेला माणूस क्वचित दाखवला जातो. आणि जेव्हा जेव्हा तो दाखवला गेला, तेव्हा काहीतरी खरंच बदललं.

नोकरी मागायला गेलेला सुधाकर

'एकच प्याला' न वाचलेल्यांनाही त्याचा सारांश ठाऊक असतो: सुधाकर पितो, पीतच राहतो आणि मरतो. पण गोष्ट इतकी सरळ नाही.

सुधाकर हा हुशार, मानी तरुण वकील. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि त्याची सनद काही काळासाठी रद्द होते. तो अपमान त्याला सोसत नाही. त्याचा कारकून तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. घरातले पैसे जातात, अब्रू जाते. आणि मग एका टप्प्यावर सुधाकर दारू सोडतो. मनापासून, शपथ घेऊन सोडतो. पोट भरायचं तर काम हवं, म्हणून तो ओळखीच्या प्रतिष्ठित मंडळींकडे नोकरी मागायला जातो. तिथे त्याच्या वाट्याला काय येतं? टोमणे, अविश्वास, तुच्छता. दारू सोडलेल्या माणसाला त्याच्या दारूवरूनच हिणवलं जातं. तिथून परतलेला सुधाकर पुन्हा प्याल्याकडे वळतो, आणि त्यानंतर नाटक थांबत नाही ते थेट मृत्यूपर्यंत.

म्हणजे सुधाकरला पहिल्या प्याल्यानं व्यसनी केलं, पण त्याची परतीची वाट बंद केली ती शुद्धीत असलेल्या सभ्य माणसांनी. आज ज्याला आपण 'स्टिग्मा' म्हणतो, म्हणजे कलंक, माथी मारलेला शिक्का, तो गडकरींनी १९१९ सालीच रंगमंचावर आणला होता. प्रेक्षक मात्र घरी घेऊन गेले तो प्याला. 'एकदासुद्धा पिऊ नका' हे तात्पर्य लोकांच्या डोक्यात बसलं. 'कुणी सोडून आला तर त्याला दार उघडा' हे तात्पर्यही त्याच नाटकात होतं, पण ते नाट्यगृहातच राहून गेलं.

गडकरी गेले त्याच महिन्यात, १६ जानेवारी १९१९ला, अमेरिकेत दारूबंदीची घटनादुरुस्ती मंजूर झाली होती. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण विचार एकच होता: दोष बाटलीचा, तेव्हा बाटली हटवा. अमेरिकेचा तो प्रयोग डिसेंबर १९३३मध्ये गुंडाळला गेला. बाटली परत आली आणि खरा प्रश्न उघडा पडला. बाटली दुकानात असो वा नसो, जो माणूस थांबू शकत नाही त्याचं काय करायचं? या प्रश्नाशी माध्यमांची गाठ पहिल्यांदा नीट पडली ती तिथेच.

चेहरा नसलेली बातमी

१९३५च्या जूनमध्ये ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात दोन दारुड्यांची दोस्ती झाली. एक न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला बुडालेला माणूस, दुसरा तिथलाच एक सर्जन. व्यसनी माणसाचं दुसऱ्या व्यसनी माणसाइतकं कुणी ऐकत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून जी चळवळ उभी राहिली तिला १९३९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकावरून नाव मिळालं, 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'. 'एए' म्हणून जगभर ओळखली जाणारी हीच ती संघटना. मुंबई-पुण्यात तिच्या मराठी सभाही भरतात.

'अ‍ॅनॉनिमस' म्हणजे अनामिक. नावातच लपणं आहे, आणि त्याला कारण होतं. त्या काळात दारुडा म्हणून नाव झालं की नोकरी जाई, घर भाड्यानं मिळत नसे. तो आजारी आहे असं कुणी मानत नसे. तो चारित्र्यानं कमकुवत आहे असंच मानलं जाई. नाव गुप्त राहील या भरवशावरच लोक सभेची पायरी चढत.

पण सगळेच लपलेले असतील तर असं काही आहे हे बाहेरच्यांना कळणार कसं? १९३९च्या सप्टेंबरात 'लिबर्टी' या साप्ताहिकात एक लेख आला. त्या पाठोपाठ 'क्लीव्हलँड प्लेन डीलर' या वर्तमानपत्रानं एक लेखमाला छापली आणि त्या शहरातले गट भराभर वाढले. १९४०मध्ये क्लीव्हलँडच्या बेसबॉल संघाचा खेळाडू रॉली हेम्सली यानं पत्रकारांना सांगून टाकलं, की मी वर्षभर प्यायलेलो नाही आणि ते एएमुळे. हेम्सली त्याच्या दारूतल्या उपद्व्यापांसाठी देशभर प्रसिद्ध होता. त्यामुळे ही बातमी क्रीडापानांवर झळकली.

खरा स्फोट झाला १ मार्च १९४१ला. 'सॅटरडे इव्हिनिंग पोस्ट' हे तेव्हाचं अमेरिकेतलं घरोघरी जाणारं साप्ताहिक, खप तीस लाखांच्या घरात. त्यांनी जॅक अलेक्झांडर नावाच्या पत्रकाराला या लोकांवर लिहायला पाठवलं. अलेक्झांडर भाबडा नव्हता. नुकताच तो गुन्हेगारी टोळ्यांवर लिहून आला होता, आणि ही माणसं नाटक करताहेत असा त्याला दाट संशय होता. तो शहरोशहरी फिरला, सभांना बसला. शिकागोत त्याला त्याच्याच धंद्यातली, वर्तमानपत्रात काम केलेली माणसं त्या सभांत भेटली. ती त्याच्याच भाषेत बोलत होती. संशय विरघळला.

फोटोंवरून मात्र अडलं. साप्ताहिकाचं म्हणणं, फोटो नसतील तर लेख नाही. संघटनेचं म्हणणं, चेहरे दिसता कामा नयेत. शेवटी मधला मार्ग निघाला. फोटो छापले गेले, पण माणसं ओळखू येणार नाहीत असे. आपण आज चेहरा धूसर केलेले मुलाखतींचे व्हिडिओ बघतो, त्यांचं हे एक जुनं रूप.

लेख आला आणि न्यूयॉर्कमधल्या संघटनेच्या छोट्याशा कार्यालयात टपालाचे ढीग पडू लागले. हजारो पत्रं. बायकांची, आयांची, डॉक्टरांची, आणि स्वतः पिणाऱ्यांची. वर्षाच्या सुरुवातीला एएचे सदस्य साधारण दोन हजार होते. वर्ष संपताना ते आठ हजारांच्या आसपास गेले.

त्या लेखानं दारूचे दुष्परिणाम सांगितले म्हणून हे झालं का? ते तर लोकांना आधीच माहीत होते. प्रत्येक गल्लीत एक उदाहरण होतं. लोकांना माहीत नव्हतं ते हे, की यातून माणसं परत येतात, आणि परत येण्यासाठी पत्र कुठे टाकायचं. लेखानं त्यांना परत आलेली माणसं दाखवली आणि एक पत्ता दिला. या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुढे त्या पुण्यात पुन्हा भेटणार आहेत.

नाव सांगायचं की नाही?

त्यानंतरची तीसेक वर्षं अमेरिकेत एक मोठा पेच चालू राहिला. एएनं आपल्या परंपरा लिहून काढल्या. वर्तमानपत्रं, रेडिओ आणि सिनेमा यांच्यासमोर कोणत्याही सदस्यानं सदस्य म्हणून नाव किंवा चेहरा द्यायचा नाही, ही त्यांतली एक. कारण व्यवहारी होतं. आज ज्याचा फोटो पहिल्या पानावर, तो उद्या घसरला तर लोक म्हणणार, बघा, सगळं थोतांड आहे. शिवाय प्रसिद्धी ही स्वतःच एक नशा आहे, हे त्या मंडळींना चांगलं ठाऊक होतं. संस्थापकांपैकी न्यूयॉर्कच्या बिल यांनी 'टाइम' साप्ताहिकाचं मुखपृष्ठ नाकारलं. १९६९मध्ये ते सिनेटच्या समितीपुढे साक्षीला गेले, तेव्हा कॅमेऱ्यांना त्यांची फक्त पाठ दिसली. त्यांचं पूर्ण नाव जगाला कळलं ते १९७१मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

याच्या विरुद्ध टोकाला मार्टी मान नावाची बाई उभी होती. ती स्वतः व्यसनातून बाहेर आली होती. १९४४मध्ये येल विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या मदतीनं तिनं मद्यासक्तीविषयी लोकशिक्षण करणारी एक समिती सुरू केली. तिचं सांगणं साधं होतं: हा आजार आहे, यातून मदत करून माणूस बाहेर काढता येतो आणि तो त्या लायकीचा आहे, आणि हा सगळ्या समाजाच्या आरोग्याचा प्रश्न आहे. ती गावोगावी भाषणं देत फिरली. व्यासपीठावर एक सुशिक्षित, नीटनेटकी बाई उभी राहून स्वतःला मद्यासक्त म्हणते, हे दृश्यच लोकांच्या डोक्यातल्या चित्राला तडा देणारं होतं.

सिनेमानं काय केलं? १९४५मध्ये बिली वाइल्डरचा 'द लॉस्ट वीकेंड' आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाले. तोवर पडद्यावरचा दारुडा म्हणजे बहुधा विनोदाचा विषय. इथे तो पहिल्यांदा इतक्या गांभीर्यानं दाखवला. पण जवळजवळ सगळा चित्रपट पडण्याचा आहे, सावरण्याची चाहूल शेवटच्या काही मिनिटांत. भगीरथ इथेही कोपऱ्यातच.

८ मे १९७६ला वॉशिंग्टनमध्ये एक वेगळाच कार्यक्रम झाला. बावन्न माणसं एकापाठोपाठ एक उभी राहिली आणि प्रत्येकानं नाव सांगून म्हटलं, मी मद्यासक्त आहे आणि त्यातून बाहेर आलो आहे. त्यांत चंद्रावर उतरलेला बझ ऑल्ड्रिन होता, टीव्हीचा लाडका डिक व्हॅन डाइक होता, काँग्रेसमधला बडा नेता विल्बर मिल्स होता, डॉक्टर होते. त्यांनी कुठल्याही संघटनेचं नाव घेतलं नाही. त्यामुळे अनामिकतेची परंपरा पाळली गेली, आणि चेहराही दिसला. तीस वर्षांचा पेच असा सुटला: माझ्यासोबत सभेत कोण बसतं ते मी सांगणार नाही, पण मी कोण आहे ते सांगेन.

दोन वर्षांनी, एप्रिल १९७८मध्ये, माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड नौदलाच्या रुग्णालयात दाखल झाल्या. वेदनाशामक गोळ्या आणि दारू, दोन्हींचं व्यसन. त्यांनी ते जाहीर केलं. राष्ट्राध्यक्षांच्या घरातली बाई असं म्हणते म्हटल्यावर, आपल्याच घरात काहीतरी बिघडलंय हे मान्य करणं हजारो बायकांना जरा सोपं झालं. १९८२मध्ये त्यांच्या नावानं उपचारकेंद्र उभं राहिलं.

तळलेलं अंडं परत कच्चं होत नाही

इथे गोष्ट सुखान्त करता आली असती. पण १९८०च्या दशकात क्रॅक कोकेन आलं आणि अमेरिकेच्या माध्यमांनी उलटी वाट धरली. १९८७ची एक सरकारबाह्य जाहिरात जगभर गाजली. तापलेल्या तव्यात अंडं फोडतात, ते चरचरतं, आणि सांगितलं जातं की नशा केल्यावर तुमच्या मेंदूचं हे असं होतं. अर्ध्या मिनिटाचा जबरदस्त परिणाम.

पण जरा थांबून विचार करा. तळलेलं अंडं पुन्हा कच्चं होतं का? ज्यानं अजून नशेला हात लावला नाही त्याला ही जाहिरात घाबरवते. ज्यानं लावला आहे, त्याला ती सांगते, की तुझं काम संपलं. त्याच्या आईला, मालकाला, शेजाऱ्यालाही तेच सांगते. प्रतिबंधासाठी दाखवलेली भीती परतीच्या वाटेवर काटे पेरते, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

त्याच काळात, १९८६मध्ये, तिथे कायदा झाला. ५ ग्रॅम क्रॅक सापडलं तर किमान पाच वर्षं तुरुंग. तितक्याच शिक्षेसाठी कोकेनची पूड मात्र ५०० ग्रॅम लागे. क्रॅकखाली पकडले जाणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि गरीब होते. बेटी फोर्ड यांच्या वाट्याला आलेली सहानुभूती त्यांच्यापर्यंत पोचली नाही. कारण परत आलेल्यांची जी छायाचित्रं लोकांनी पाहिली होती, त्यांत त्यांच्यासारखा चेहरा क्वचितच होता. नशामुक्तीची गोष्ट सांगितली की कलंक कमी होतो हे खरं, पण तो कमी होतो गोष्ट ज्यांची सांगितली त्यांच्यापुरता.

येरवड्याचा पत्ता

त्याच १९८६ साली पुण्यात उलट दिशेनं काहीतरी घडत होतं.

आठव्या दशकानंतर मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर पसरली. अशुद्ध हेरॉइनची ही पूड, मराठीत तिला गर्द म्हणू लागले. गर्द ओढणाऱ्याला भाषेनं लगेच नाव दिलं, गर्दुल्ला. तळीरामात निदान थोडी गंमत होती. गर्दुल्ल्यात तीही नाही. पुलाखाली पडलेला, चोरटा, ज्याच्याकडे बघायचं नाही असा कोणीतरी. १९८५मध्ये अमली पदार्थांविरुद्धचा केंद्रीय कायदा आला, त्यात जबर शिक्षा होत्या. बातमी म्हणून गर्द पोलिसांच्या पानावर गेली.

अनिल अवचट मात्र या मुलांजवळ जाऊन बसले. त्यांची पद्धत ठरलेली होती. तिथे जायचं, वेळ द्यायचा, ऐकायचं, आणि जे ऐकलं ते साध्या भाषेत लिहायचं. गर्दवरची त्यांची लेखमाला वर्तमानपत्रातून आली, पुढे 'गर्द' हे पुस्तक झालं. वाचकाला त्या लेखांत गर्दुल्ले भेटले नाहीत. कुणाचा तरी मुलगा, भाऊ, नवरा भेटला.

ते लेख पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी वाचले आणि अस्वस्थ होऊन एक लाख रुपये देऊ केले: या मुलांसाठी काहीतरी उभं करा. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट, म्हणजे सगळ्यांच्या सुनंदा, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ला 'मुक्तांगण' सुरू झालं. ते केंद्र घडवलं ते मुख्यतः सुनंदांनी. १९९७मध्ये त्या कर्करोगानं गेल्या, आणि पुढे मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम हातात घेतलं.

लेखातून संस्था उभी राहण्याची उदाहरणं मराठीत फार नाहीत, पण इथला मुद्दा त्याहून थोडा पुढचा आहे. 'गर्द'नं प्रश्न मांडला. त्यानंतर वर्षानुवर्षं अवचटांनी, सुनंदांनी आणि नंतर मुक्ता यांनी लेखांतून, भाषणांतून, मुलाखतींतून बऱ्या होणाऱ्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या. अवचटांनी 'मुक्तांगणची गोष्ट' लिहिली. इथे उपचार घेतलेली काही माणसं इथेच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाली. म्हणजे नवीन दाखल झालेल्या माणसासमोर पहिल्या दिवशीच एक भगीरथ बसलेला असतो. अ‍ॅक्रनच्या त्या दोघांना जे कळलं होतं, ते येरवड्यातही उपयोगी पडलं.

आणि १९४१च्या त्या लेखासारखंच इथेही दोन गोष्टी एकत्र होत्या: परत आलेली माणसं आणि एक पत्ता. 'मुक्तांगणला पाठवा' हे वाक्य महाराष्ट्राच्या घराघरांत गेलं ते जाहिरातीमुळे नव्हे, लोकांनी वाचलेल्या गोष्टींमुळे.

हळूहळू पहिल्या पुरुषी एकवचनातही लिखाण येऊ लागलं. तुषार नातू यांनी 'नशायात्री'मध्ये स्वतःच्या नावानं स्वतःचा प्रवास लिहिला. २०१२मध्ये 'सत्यमेव जयते'च्या दारूवरच्या भागात जावेद अख्तर यांनी स्वतःच्या पिण्याबद्दल आणि ३१ जुलै १९९१ला ते थांबवल्याबद्दल देशासमोर सांगितलं. हे आपल्याकडचे वॉशिंग्टनमधले बावन्न. अजून बावन्न झाले नाहीत इतकंच.

शब्द बदलला तर काय होतं?

इतिहास बाजूला ठेवून कुणी विचारेल, हे सगळं अंदाजानं बोलणं झालं, पुरावा काय?

पुरावा आहे. २०१०मध्ये अमेरिकेत पाचशेहून अधिक मानसिक आरोग्यक्षेत्रातल्या व्यावसायिकांना एकाच माणसाची हकिगत वाचायला दिली. फरक फक्त एका शब्दप्रयोगाचा. काहींच्या कागदावर त्याला नशा करणारा असं नाम लावलं होतं, काहींच्या कागदावर व्यसनाचा विकार असलेली व्यक्ती म्हटलं होतं. पहिला कागद वाचलेल्यांना तो माणूस जास्त दोषी वाटला, त्याला शिक्षा व्हावी असं म्हणण्याकडे त्यांचा कल अधिक होता. हे प्रशिक्षित लोक होते. आपण तर फक्त बातमीचा मथळा वाचून पुढे सरकणारे.

२०१५मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचार न घेतलेल्या व्यसनी माणसाचं वर्णन आणि उपचार घेऊन सावरलेल्याचं वर्णन, अशी दोन्ही वेगवेगळ्या लोकांना वाचायला दिली. सावरलेल्याची गोष्ट वाचलेल्यांना अशा माणसाशेजारी राहायला, त्याच्याबरोबर काम करायला कमी हरकत वाटली. उपचारांवरचा विश्वासही वाढला. गडकरींच्या भाषेत, लोकांना भगीरथ दाखवला तर ते सुधाकरला दारात उभं करतात.

२०१७मध्ये 'असोसिएटेड प्रेस' या वृत्तसंस्थेनं आपल्या बातमीदारांना सांगितलं, की माणसाला 'अ‍ॅडिक्ट' हे नाम लावू नका. आपल्याकडे? २०२०मध्ये एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर कित्येक आठवडे वृत्तवाहिन्यांवर लोकांचे खासगी चॅट वाचून दाखवले जात होते. 'ड्रग्ज' हा शब्द दिवसभर कानावर आदळत होता. त्या गदारोळात मदत हवी असेल तर कुठे जायचं, हे किती वेळा पडद्यावर आलं?

हा प्रश्न चवीचा नाही. २०१९मध्ये केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं एम्सकडून करून घेतलेला देशव्यापी पाहणी अहवाल आला. दारूवर अवलंबून झालेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला कुठल्याही प्रकारचा उपचार मिळाल्याचं त्यात दिसलं. बाकीच्या ३७ जणांपर्यंत उपचार न पोचण्याची कारणं अनेक आहेत: केंद्रं कमी, पैसा नाही, अंतर लांब. पण त्यांतलं एक कारण असं आहे ज्याला पैसा लागत नाही. लोक काय म्हणतील.

घसरण्याचीही गोष्ट

एक सावधगिरी मात्र हवी. माध्यमांना गोळीबंद शेवट आवडतो. 'व्यसनावर मात', 'अंधारातून प्रकाशाकडे', फोटो, टाळ्या. पण व्यसनमुक्ती अशी एका दिवशी पूर्ण होत नाही. पुष्कळ जण घसरतात, पुन्हा येतात, पुन्हा उभे राहतात. ज्याला आपण वीरपुरुष करून ठेवलं तो घसरला, की तो फसवा ठरतो. आणि मग परत यायला त्याला दुप्पट लाज वाटते. एएच्या जुन्या मंडळींना चेहरा दाखवायची जी भीती होती, तिचं मूळ हेच होतं. मधुमेहाच्या रुग्णाची साखर वाढली तर आपण त्याला खोटारडा म्हणत नाही. गोळी बदलायला सांगतो. व्यसनमुक्तीची प्रामाणिक गोष्ट सांगायची तर तिच्यात घसरण्यालाही जागा ठेवावी लागेल.

आणि ज्याला नाव सांगायचं नाही त्याला ते न सांगण्याचा हक्क आहे. समाजाचा कलंक पुसायचा भार त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकता येणार नाही. एखादा भगीरथ कायम अनामिक राहिला तरी चालेल. बाकीच्यांनी तो आहे एवढं धरून चालायला हवं.

शेवटी पुन्हा ती खोली

गडकरींच्या नाटकातल्या त्या प्रतिष्ठित मंडळींकडे पुन्हा एकदा पाहू या. त्यांच्यापैकी कुणी खलनायक नाही. त्यांनी सुधाकरला दारू पाजली नाही. तो समोर आला तेव्हा त्यांना एवढंच आठवलं, की हा पिणारा. कारण पिणारा परत येतो हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्याच नाटकात, त्याच गावात भगीरथ होता. पण त्या खोलीत तो नव्हता.

आज आपल्यापैकी बरेच जण अशाच कुठल्यातरी खोलीत बसणार आहेत. कुणी मुलाखत घेणार, कुणी फ्लॅट भाड्यानं देणार, कुणी बहिणीसाठी स्थळ पाहणार. समोरच्याच्या बायोडेटात दोन वर्षांची मोकळी जागा असेल. विचारल्यावर तो क्षणभर थांबेल आणि मग खरं सांगायचं की नाही, हे तुमच्या चेहऱ्याकडे बघून ठरवेल.

त्या क्षणी तुम्हाला तळीराम आठवतो की भगीरथ, यावर पुढचा अंक ठरतो.